शर्यतीआधीचा प्रवास: सायकलीची सुरक्षित वाहतूक

पुण्याहून गोव्याकडे जाणाऱ्या 'डेक्कन क्लिफहँगर'सारख्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीसाठी दूरचे स्पर्धक सायकल विमानाने किंवा रेल्वेने आणतात, तेव्हा तिला खरा धोका असतो तो बाजूने पडणाऱ्या दाबाचा. कारण कार्बन तंतूंची चौकट स्वाराचे वजन सहज पेलत असली, तरी तिच्या पातळ नळीवर एकाच जागी बसलेला आघात तिला तडा देऊ शकतो. त्याहून नाजूक असतो हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारी डिरेलर ही यंत्रणा चौकटीला जोडणारा धातूचा छोटा तुकडा: चौकट वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, आणि तो किंचित वाकला तरी साखळी नेमक्या दातांवर बसत नाही. म्हणून डिरेलर सोडवून फोममध्ये गुंडाळणे आणि जादा हँगर जवळ बाळगणे, हाच सर्वांत शहाणपणाचा उपाय होय. चाके काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये आधाराचा दांडा आणि द्रवदाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकच्या पॅडांमध्ये पाचर बसवावी लागते, कारण ब्रेक चुकून दाबला गेल्यास पॅड एकमेकांना चिकटून बसतात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असल्याने ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवूनच सुटते. विद्युत गिअरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र विमानात हातसामानातच न्याव्या लागतात.