अधिवासाचा दाखला : विलंब कोठे होतो?

बारावीचा निकाल लागताच वाशीम जिल्ह्यातील सेतू केंद्रांवर अधिवास प्रमाणपत्रासाठी रीघ लागते. विलंबाचे खापर तहसील कचेरीवर फुटते. परंतु पुष्कळदा अर्जच अपुरा असतो. राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे सलग नसतात. शाळेच्या दाखल्यावरील नाव शिधापत्रिकेशी जुळत नाही. ते निकालापूर्वीच जुळवून घ्यावे, पोचपावती जपून ठेवावी. १ जुलै १९९८ पूर्वीच्या कागदांवर ‘जिल्हा अकोला’ असणारच. ती त्रुटी नव्हे. कचेरीनेही उणिवा एकाच वेळी सांगाव्यात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत व अपील दिले, कसूरदार अधिकाऱ्यास दंडही ठेवला. परंतु हेलपाट्यांत बुडालेली शेतमजुराची रोजी त्याने भरून निघत नाही.