चंगीजखानाच्या गोष्टीचं माहुलीवरचं पान

दोस्तांनो, कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये कधी बसलात, तर आसनगाव स्टेशनच्या आसपास खिडकीतून डोकं न काढता बाहेर बघा. आभाळात घुसलेले काळेकभिन्न सुळके दिसतील. हा शहापूर तालुक्यातला माहुलीचा किल्ला. उंची सुमारे २८०० फूट. त्याच्या सुळक्यांची नावं काय आहेत, ठाऊक आहे? वजीर, नवरा, नवरी आणि भटोबा!

आता एक कोडं. या माहुलीचा आणि मंगोलियाच्या चंगीजखानाचा काय बरं संबंध असेल?

तुम्ही म्हणाल, काहीच नाही. कुठे मंगोलिया आणि कुठे शहापूर! बरोबर आहे. चंगीजखान माहुलीला कधीच आला नाही. तो सिंधू नदीच्या काठावरूनच मागे फिरला होता. तरीही त्याच्या गोष्टीचा एक धागा थेट या किल्ल्यापर्यंत येतो. चला, तो धागा पकडून बघू या.

तेमुजीन नावाचा मुलगा

सुमारे ११६२ साली मंगोलियातल्या ओनोन नदीजवळ एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं तेमुजीन. तिथे सगळीकडे गवताची मैदानं. शेती नाहीच. मेंढ्या नि घोडी चारायची, लोकरीच्या जाड कापडाचे गोल तंबू ठोकायचे आणि गवत संपलं की पुढे जायचं, असं तिथलं जगणं. मुलं चालायला शिकतात न शिकतात तोच घोड्यावर बसायला शिकत.

तेमुजीन नऊ वर्षांचा असताना शत्रूच्या टोळीनं त्याच्या वडिलांना विष देऊन मारलं. टोळीतल्या लोकांनी विचार केला, आता या बाईला नि तिच्या पोरांना कोण पोसणार? आणि ते सरळ तंबू उचलून चालते झाले! मागे उरली आई होएलुन आणि लहान लहान मुलं. पण ही माउली खचली नाही. रानातली फळं वेचून, कंदमुळं उकरून तिनं मुलांना जगवलं.

या भुकेनं तेमुजीनला चिवट बनवलं, तसं कठोरही बनवलं. शिकारीच्या वाटणीवरून भांडण झालं, तेव्हा त्यानं आपल्या सावत्र भावाला बाण मारून ठार केलं. पुढे एका टोळीनं त्यालाच पकडलं आणि मानेत लाकडी खोडा अडकवला. तो त्या खोड्यासकट पळाला!

‘खान’ म्हणजे कोण?

तेमुजीन मोठा झाला. मित्र जोडत, लढत, एकेक टोळी जिंकत गेला. १२०६ साली सगळ्या टोळ्यांच्या सभेनं त्याला ‘चंगीजखान’ ही पदवी दिली.

इथे एक गैरसमज दूर करू या, बरं का. अफझलखान, शाहिस्तेखान ही नावं आपण ऐकलेली असतात. म्हणून अनेकांना वाटतं, चंगीजखानही मुसलमान असणार. तसं नाही. ‘खान’ हे आडनाव नाही आणि ती धर्माची खूणही नाही. गवताळ प्रदेशातल्या टोळ्यांमध्ये ‘खान’ म्हणजे राजा. चंगीजखान आभाळाला देव मानत असे. त्यानं उद्ध्वस्त केलेली कितीतरी मोठी शहरं तर मुसलमानांचीच होती.

घोडा, बाण आणि शिस्त

मंगोल माणसं संख्येनं थोडी होती. मग त्यांनी एवढं जग कसं जिंकलं?

पहिलं कारण घोडा. प्रत्येक स्वाराजवळ दोन-तीन जादा घोडे असत. एक दमला की दुसऱ्यावर उडी! दुसरं कारण धनुष्यबाण. पळणाऱ्या घोड्यावर मागे वळून ते अचूक नेम धरत. आणि तिसरं, सगळ्यात मोठं कारण म्हणजे शिस्त. दहा स्वारांची एक तुकडी, अशा दहा मिळून शंभर, मग हजार, मग दहा हजार. नायक निवडताना घराण्यापेक्षा कर्तबगारी आणि निष्ठा पाहिली जाई. निरोप पोचवण्यासाठी वाटेत चौक्या असत, तिथे ताजे घोडे तयार ठेवलेले असत.

चंगीजखानाला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण लिहिण्याचं मोल त्याला कळलं होतं. म्हणून त्यानं उइघुर लोकांची लिपी आपल्या भाषेसाठी घेतली आणि मुलांना शिकवायला लावली.

१२१५ मध्ये त्यानं आजचं बीजिंग आहे तिथली राजधानी जिंकली. मग मध्य आशियातल्या ख्वारिझमच्या राज्याकडे त्यानं व्यापाऱ्यांचा तांडा पाठवला. ओत्रार शहराच्या सुभेदारानं ते व्यापारी मारले. जाब विचारायला दूत गेला, तर शहानं त्यालाही ठार केलं! झालं. वादळ सुटलं. १२२० मध्ये बुखारा आणि समरकंद पडलं. १२२१ मध्ये मर्व आणि निशापूर. कारागिरांना वेगळं काढून मंगोलियात नेलं आणि बाकीच्या माणसांची निर्दयपणे कत्तल केली. लहानपणी ज्याचा बाप मारला गेला, त्यानं हजारो मुलांचे बाप मारले. त्याच्या पराक्रमाची गोष्ट सांगताना हे लपवून कसं चालेल?

ख्वारिझमचा राजपुत्र जलालुद्दीन मात्र झुंजत राहिला. १२२१ साली सिंधूच्या काठी तो घेरला गेला, तेव्हा त्यानं घोड्यासकट नदीत उडी घेतली आणि पलीकडचा काठ गाठला. दिल्लीचा सुलतान अल्तमश याच्याकडे त्यानं आसरा मागितला. पण मंगोलांचं वैर कोण ओढवून घेणार? आसरा मिळाला नाही. चंगीजखान मागे फिरला आणि १२२७ मध्ये चीनकडच्या एका मोहिमेत मरण पावला. त्याला कुठे पुरलं, ते आजवर कुणालाही सापडलेलं नाही.

जावई आले!

आता धाग्याचं दुसरं टोक. चंगीजखानाच्या एका मुलाचं नाव होतं चगताई. दीडशे-दोनशे वर्षांनी मध्य आशियात तैमूर बलाढ्य झाला. तो काही चंगीजखानाचा वंशज नव्हता. मग त्यानं काय करावं? चंगीजखानाच्या वंशातल्या राजकन्येशी लग्न केलं आणि स्वतःला ‘गुरगान’, म्हणजे ‘जावई’ म्हणवून घेऊ लागला! एवढा त्या नावाचा दरारा.

याच तैमूरच्या वंशात बाबर जन्मला. त्याची आई तर चगताईच्याच वंशातली. बाबरानं १५२६ साली पानिपतची लढाई जिंकली. त्याच्या घराण्याला लोक ‘मुघल’ म्हणू लागले. ‘मुघल’ हा ‘मंगोल’ याच शब्दाचा फारसी अवतार.

आणि माहुली

साल १६३६. पाचवा मुघल बादशहा शहाजहान स्वतः दौलताबादेला आला होता. अहमदनगरची निजामशाही त्याला पुरती बुडवायची होती. पण शहाजीराजे भोसल्यांनी तिच्या एका लहानग्या वारसाला गादीवर बसवून तीन वर्षं झुंज चालवली होती. विजापूरच्या आदिलशहानं बादशहाशी तह केला आणि शहाजीराजे एकटे पडले. सेनापती खानजमान पाठीवर होता. चौलच्या पोर्तुगीजांकडे त्यांनी आसरा मागितला. मिळाला नाही. आठवला ना तुम्हाला सिंधूकाठचा जलालुद्दीन?

शेवटी त्यांनी माहुली गाठली. जागा अगदी अचूक! मुरबाडच्या मुलांनो, तुम्ही नाणेघाट चढला असाल. दगडी रांजणाच्या त्या वाटेवर घोडा दौडवता येईल का? लगाम धरून एकेक पायरी चढवावा लागेल. मैदानात वाऱ्यासारखं सुटणारं घोडदळ आपल्या सह्याद्रीत असं पायउतार होतं. माहुलीची चढण तर त्याहून अवघड. म्हणून किल्ला झुंजत राहिला. पण खाली मुघल आणि आदिलशहा अशा दोन फौजांचा वेढा होता आणि मदतीला येणारं कुणी नव्हतं. अखेर शहाजीराजांनी किल्ला सोडला. तो लहानगा निजामशहा मुघलांच्या ताब्यात गेला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद झाला. निजामशाही संपली. मोठ्यांच्या लढाईत एका पोराचं बालपण तुरुंगात गेलं.

त्या वर्षी शहाजीराजांचा एक मुलगा सहा वर्षांचा होता. हो, शिवबा! त्यांनी १६५८ मध्ये माहुली घेतली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात ती मुघलांना द्यावी लागली. फेब्रुवारी १६७० मधला हल्ला फसला, तरी हिंमत सोडली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली पुन्हा स्वराज्यात आणली.

जाता जाता एक गंमत. कुणी धीटपणा दाखवला की आपण पाठ थोपटून म्हणतो, ‘शाब्बास रे बहाद्दर!’ हा ‘बहाद्दर’ शब्दही त्या गवताळ मैदानांतूनच आलाय. तेमुजीनच्या वडिलांच्या नावापुढेसुद्धा तो लागत असे.

सुट्टीत मोठ्या माणसांबरोबर माहुलीला जरूर जा. चढायला दोन-तीन तास लागतात, पाणी भरपूर घ्या आणि कचरा परत आणा. वर पोचलात की दोन मुलं आठवा. एक गवताळ रानात टाकून दिलेला तेमुजीन, दुसरा इथून कैदेत गेलेला छोटा निजामशहा. मग घरी येऊन आईबाबांना विचारा, ‘बहाद्दर म्हणजे नक्की कोण? जग जिंकणारा, की रानातली कंदमुळं उकरून पोरांना जगवणारी होएलुन?’