जुन्या कारचे हेडलाइट मंद झालेत? नवे घेण्यापूर्वी हे तपासा

पावसाळी रात्र, दुपदरी रस्ता आणि दहा-बारा वर्षं वापरलेली छोटी कार. हेडलाइट सुरू असतात, पण रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस अगदी जवळ आल्यावरच दिसतो. जुनी अल्टो, वॅगनआर किंवा सँट्रो चालवणाऱ्या अनेकांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी दुकानात जास्त वॉटचा किंवा एलईडी बल्ब सुचवला जातो. मात्र बदल चुकला, तर आपल्याला फारसं जास्त दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. त्यामुळे आधी दोष नेमका कुठे आहे, ते शोधा.

प्रकाश कमी का होतो?

तीन कारणं नेहमीची आहेत. पहिलं, हेडलाइटची पुढची काच. ती बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांमुळे पिवळी पडते. ती पॉलिश करून घेता येते. दुसरं, आतल्या रिफ्लेक्टरची उडालेली चकाकी. यावर पॉलिशचा उपयोग नाही, पूर्ण हेडलाइटच बदलावा लागतो.

तिसरं कारण वायरिंग. गंजलेलं अर्थिंग किंवा सैल कपलर यामुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. इंजिन आणि हेडलाइट सुरू ठेवून इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीवरचं आणि बल्बच्या कपलरवरचं व्होल्टेज मोजून घ्या. मोठा फरक आढळला, तर आधी वायरिंग दुरुस्त करा.

बल्ब कोणता?

या गाड्यांत बहुधा ‘एच४’ प्रकारचा ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब असतो. ६० वॉट अप्परसाठी, ५५ वॉट डिपरसाठी. तरीही आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहून खात्री करा. बाजारात १००/९० वॉटचे बल्बही मिळतात. पण ते जास्त करंट ओढतात, त्यामुळे होल्डर आणि वायर तापून वितळू शकतात. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला आणि बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू नका.

एलईडी बसवला तर?

एच४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश ती अडवते. रिफ्लेक्टरची रचना याच फिलामेंटच्या जागेनुसार केलेली असते. एलईडीची चिप त्या आकाराची आणि नेमकी त्या जागी नसली, की प्रकाश विस्कटतो. गाडीजवळचा रस्ता उजळतो, त्यामुळे प्रकाश वाढल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात दूरचं तितकंसं दिसत नाही.

पूर्ण हेडलाइट घेताना

एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत हेडलाइटचा आकार आणि कपलर बदललेला असू शकतो. म्हणून दुकानात चॅसिस नंबर आणि जुन्या हेडलाइटवरचा पार्ट नंबर दाखवा. भारतात वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे डिपरचा प्रकाश डाव्या कडेला थोडा वर चढणारा हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा हेडलाइट इथे बसवला, तर तोच प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. काचेवर युरोपीय प्रमाणनाची गोलातली ‘ई’ खूण असेल, तर जवळचा बाणही पाहा. समोर उभं राहून पाहिल्यास तो आपल्या उजवीकडे वळलेला असावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार गाडीत परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खासगी कारला १५ वर्षं झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत तपासणी होते. त्यात हेडलाइटही पाहिले जातात.

शेवटी भिंतीची चाचणी

काम झाल्यावर सपाट जागेत गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपरच्या प्रकाशाची वरची सपाट कड त्या खुणेच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. तशी नसेल, तर हेडलाइटमागच्या स्क्रूने जुळवून घ्या. अनेकदा दोष बल्बचा नसतोच, हेडलाइटची दिशा तेवढी बिघडलेली असते.