पाऊस, ऊन आणि हिवताप

पावसाळा लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येते, "यंदा पाऊस जास्त, म्हणजे मलेरियाही जास्त." हा हिशोब वाटतो तितका सरळ नाही.

१९३४ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पाऊस दगा देऊन गेला. एरवी भरून वाहणाऱ्या नद्या आटल्या आणि पात्रात नुसती डबकी उरली. त्यांत ॲनॉफिलिस डासांची बेसुमार पैदास झाली आणि काही महिन्यांत सुमारे ८० हजार माणसे दगावली. याउलट १९९४ मध्ये राजस्थानच्या थर वाळवंटात धो धो पाऊस पडला, पाणी साचले आणि तिथे साथ आली. एकीकडे पाऊस न पडल्याने, दुसरीकडे पडल्याने! एरवी तिथे हा ताप कमी, म्हणून लोकांच्या अंगात त्याच्याशी लढण्याची ताकदही कमीच होती.

पाण्याइतकेच महत्त्व उष्णतेला आहे. आजाऱ्याचे रक्त प्यायलेली डासाची मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. जंतू आधी तिच्या पोटात वाढावा लागतो. २५ अंशांच्या आसपास त्याला दहा-बारा दिवस लागतात. थंडी वाढली की ही वाढ रेंगाळते आणि साधारण १६ अंशांखाली थांबतेच. डास जगतो दोन-चार आठवडे, म्हणजे थंडीत जंतू तयार होण्याआधीच तो मरून जातो. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हातही तो फार टिकत नाही. पावसाने हवा उबदार आणि दमट झाली की मात्र त्याचे आयुष्य वाढते. गडचिरोलीच्या जंगलात तर संथ ओढेही त्याला पुरतात.

मुंबईची गोष्ट वेगळी. इथला ॲनॉफिलिस स्टीफेन्सी गटारापेक्षा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. गच्चीवरची उघडी टाकी, विहीर, बांधकामावरचे साठवलेले पाणी, मशिदीतला वजूचा हौज, सगळे त्याला चालते. त्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही, पाणी आपणच भरून ठेवतो! हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि २०२२ मध्ये इथिओपियाच्या दिरे दावा शहरात ऐन कोरड्या हंगामात साथ आली, तीही त्याच्यामुळेच.

तेव्हा भगिनींनो, आभाळाकडे पाहण्याआधी टाकीचे झाकण पाहावे. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करावे. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण आठवडाच लागतो. हौजात गप्पी मासे सोडण्याबद्दल मशिदीच्या कमिटीशी बोलायला हरकत नाही.

थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. व्हायवॅक्स निघाला तर डॉक्टर बहुधा प्रायमाक्विन १४ दिवस देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. यकृतात दडलेला जंतू मग काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. गरोदर बाईला मात्र हे औषध चालत नाही, म्हणून दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे.