आंदिज पर्वतातील उंच सरोवरांची एक दिवसाची सहल

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या उत्तर भागात, आताकामा या अतिशुष्क वाळवंटाच्या पूर्व कडेला, आंदिज पर्वताच्या पठारावर मिस्कांती आणि मिन्यीकेस ही दोन निळीशार सरोवरे आहेत. समुद्रसपाटीपासून त्यांची उंची सुमारे ४,१०० मीटर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईच्या अडीच पट भरते. स्पॅनिश भाषेत अशा लहान सरोवरांना ‘लागुना’ म्हणतात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून ‘खाजण’ येतो. परंतु खाजण हे समुद्रकाठचे, आणि ही सरोवरे तर ज्वालामुखींच्या पायथ्याशी. म्हणून येथे सरोवर हाच शब्द योग्य ठरतो.

या सरोवरांकडे जाण्याचा सर्वसाधारण मार्ग सान पेद्रो दे आताकामा या गावातून निघतो. हे मातीच्या विटांच्या घरांचे मरुद्यान सुमारे २,४०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथून सरोवरे शंभराहून अधिक किलोमीटरवर असून सकाळी निघालेले वाहन दुपारनंतर परत येते. वाटाड्या, वाहन व न्याहारी यांचा समावेश असलेल्या या सहली गावातील अनेक व्यावसायिक चालवितात. अंतर पाहता ही सहल सोपी वाटते. प्रत्यक्षात प्रवासी काही तासांत १,७०० मीटर वर चढतो, आणि सहलीतील सारी खरी दक्षता या एका गोष्टीभोवती घ्यावी लागते.

वातावरणातील प्राणवायूचे शेकडा प्रमाण उंचीवरही तेवढेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. ४,१०० मीटर उंचीवर हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो आणि प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही त्याची प्रारंभीची लक्षणे होत. ती तरुण व धडधाकट माणसालाही होऊ शकतात. पहिलवानी शरीर हे त्यावरील संरक्षण नव्हे. मनुष्य चालताना तोल जाऊ लागला, त्याचे बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर त्याला विनाविलंब खाली आणणे हाच खरा उपाय आहे. औषध अथवा प्राणवायूची नळकांडी यांनी तेवढा वेळ मिळतो, इतकेच. लडाखला जाणाऱ्या महाराष्ट्रातील प्रवाशांना लेह येथे पहिले दोन दिवस विश्रांती घेण्यास सांगितले जाते. त्याच न्यायाने सान पेद्रोमधील जाणते वाटाडे ही सहल मुक्कामाच्या पहिल्या दिवशी करू नये असे सुचवितात. आदल्या रात्री मद्य टाळावे, आहार हलका ठेवावा, पाणी वेळोवेळी प्यावे आणि वर पोचल्यावर सावकाश चालावे, हे त्यांचे नेहमीचे सांगणे असते. स्थानिक लोक कोकाच्या पानांचा काढा घेतात. तो तेथील जुना रिवाज आहे, परंतु त्याच्या भरवशावर लक्षणांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते.

शिक्षकांना या उंचीवर पदार्थविज्ञानाचे काही धडे आयतेच सापडतील. येथे पाणी सुमारे ८६ अंश सेल्सिअसलाच उकळते. त्यामुळे साध्या भांड्यात डाळ शिजविणे हे जिकिरीचे काम होते. खालून आणलेली बिस्किटांची बंद पाकिटे वर फुग्यासारखी टम्म फुगतात. दर हजार मीटरला सूर्याच्या अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते, म्हणून थंडीने हात गारठले असतानाही नाकाचा शेंडा उन्हाने भाजून निघतो.

रस्त्यावरील पहिले मोठे गाव तोकोनाओ. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या फिकट दगडात बांधलेली घरे आणि अठराव्या शतकातील घंटाघर ही त्याची ओळख. उजव्या हाताला आताकामाचे विस्तीर्ण मिठागर पसरलेले दिसते. पुढे रस्ता मकरवृत्त ओलांडतो आणि चढ लागतो. तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरील सोकाइरे हे शेवटचे वस्तीचे गाव. डोंगरउतारावरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत येथे मका, बटाटा, किनोआ व लसूणघास पिकतो, तो कालव्याने आणलेल्या बर्फाच्या पाण्यावर. दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सारे गाव एकत्र येऊन हे कालवे उपसते व साफ करते. त्या वेळी पाण्याची व पर्वतांची नावे घेऊन विधिपूर्वक प्रार्थना होते. श्रमदान आणि उत्सव यांची येथे फारकत झालेली नाही.

सोकाइरेच्या पुढे पिवळ्या ताठ गवताचे माळ सुरू होतात. त्यांवर विकुन्या हे उंटाच्या कुळातील लहान, नाजूक प्राणी चरताना दिसतात. लोकरीसाठी झालेल्या शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास ते नामशेष होण्याच्या बेतात होते. संरक्षणाने त्यांची संख्या पुन्हा वाढली. शेवटच्या वळणानंतर एकदम मिस्कांती सरोवर समोर येते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा चौरस किलोमीटर, तर दक्षिणेकडील मिन्यीकेसचे जेमतेम दीड चौरस किलोमीटर आहे. पूर्वी येथील पाण्याला वाट मोकळी होती. ५,९०० मीटरहून उंच अशा मिन्यीकेस ज्वालामुखीच्या लाव्हारसाने ती अडविली आणि दोन्ही जलाशय वेगळे झाले. या खोऱ्यांतून एकही नदी समुद्राला मिळत नाही. बर्फ वितळून व भूगर्भातून झिरपून येणारे पाणी बाष्पीभवनाने उडून जाते, काही लाव्हाच्या भेगांतून खाली उतरते, आणि क्षार मागे राहतात. काठावरील पांढरी किनार ही त्याचीच खूण. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवरही असेच बाहेर वाट नसलेले व खारे, जरी त्याचा जन्म उल्कापाताने झाला असला तरी. मिस्कांतीच्या तळातील गाळाच्या अभ्यासावरून असे दिसून आले आहे, की काही हजार वर्षांपूर्वीच्या दीर्घ कोरड्या काळात हे सरोवर अतिशय उथळ झाले होते. पाण्याचा हा हिशेब किती नाजूक आहे याची त्यावरून कल्पना यावी.

रोहित पक्षी या प्रदेशात तीन जातींचे आढळतात. परंतु मिस्कांतीचा खरा मानकरी आहे शिंगाळा चांदवा. आपल्याकडील तलावांत दिसणाऱ्या चांदव्याचा, ज्याला काही भागांत वारकरी असेही म्हणतात, हा मोठा भाऊबंद. पाण्यात घरट्यासाठी पुरेशा वनस्पती नसल्या, की तो चोचीने एकेक दगड वाहून आणून उथळ पाण्यात ढीग रचतो व त्यावर शेवाळाचे घरटे करतो. हे ढीग वर्षानुवर्षे वापरले जातात, आणि एकेका ढिगाचे वजन दीड टनापर्यंत भरल्याची नोंद आहे! अशा घरट्यांना व्यत्यय नको म्हणून प्रवाशांना काठापर्यंत जाऊ दिले जात नाही. दगडांच्या ओळींनी आखलेल्या पायवाटेवरूनच फिरावे लागते, पाण्यात उतरण्यास बंदी आहे. छायाचित्रासाठी चार पावले पुढे जाऊ पाहणाऱ्याला येथील रखवालदार थांबवितो, आणि त्याचे बरोबरच असते.

हा रखवालदार बहुधा सोकाइरे गावचाच रहिवासी असतो. चिली शासनाने १९९० मध्ये ‘लोस फ्लामेन्कोस’ हे सुमारे ७४ हजार हेक्टरांचे राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित केले. ते सात अलग विभागांत विखुरलेले असून मिस्कांती-मिन्यीकेस हा त्यांतील एक विभाग होय. या क्षेत्राची जबाबदारी कॉनाफ या राष्ट्रीय वनसंस्थेकडे देण्यात आली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची गुरे येथे चरत आली, त्या आताकामेन्यो आदिवासींना त्या वेळी विचारणा झाली नव्हती. १९९३ च्या आदिवासी कायद्याने या समाजांना कायदेशीर मान्यता मिळाली, आणि त्यानंतरच्या काळात वनसंस्था व गाव यांच्या सहव्यवस्थापनाची पद्धत येथे रूढ झाली. प्रवेशशुल्क घेणे, पायवाटा राखणे, पाहुण्यांना नियम समजावणे ही कामे गावाने अंगावर घेतली. २०२३ च्या कायद्याने चिलीत संरक्षित क्षेत्रांसाठी स्वतंत्र शासकीय सेवा निर्माण केली असली, तरी दारावर गावचा माणूस उभा असणे हीच या सरोवरांची मोठी सुरक्षितता आहे. कासच्या पठारावर वन विभाग व परिसरातील गावांच्या समित्या प्रवेशशुल्क घेऊन जी व्यवस्था पाहतात, ती जाणणाऱ्यांना ही रचना परिचित वाटेल.

गावाच्या या अधिकाराची कसोटीही लागली आहे. २००७ मध्ये एका मोठ्या ताम्रखाणीने या उंच खोऱ्यांतील भूजल खाणीसाठी उपसण्याची योजना मांडली. सोकाइरेसह स्थानिक समाज आणि सान पेद्रोचे पर्यटन व्यावसायिक यांनी तीस कडाडून विरोध केला व त्याच वर्षी पर्यावरण यंत्रणेने तिला मंजुरी नाकारली. खालच्या मिठागरातून लिथियमसाठी होणारा क्षारजलाचा उपसा मात्र चालू राहिला असून, त्याचा पाणथळींवर व रोहित पक्ष्यांवर काय परिणाम होतो हा तेथे सतत वादाचा विषय आहे. पर्यटनही निर्दोष नव्हे. याच रस्त्यावर पुढे असलेले ‘पिएद्रास रोहास’ हे तांबड्या खडकांचे स्थळ प्रवाशांच्या बेपर्वा वागण्यामुळे गावाने काही काळ बंद ठेवले, आणि पुढे स्वतःच्या देखरेखीखाली, ठरावीक वाटांसह, पुन्हा उघडले. 

हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट या महिन्यांत, हिमवृष्टीमुळे रस्ता अधूनमधून बंद होतो. जानेवारी-फेब्रुवारीत पठारावर पाऊस येतो आणि तेव्हाही मार्ग अडतात. अशा दिवशी वाटाडे सहल रद्द करतात. दुपारनंतर बहुधा जोराचा वारा सुटतो, सरोवराचे आरशासारखे पाणी खवळते, आणि वाहने सोकाइरेच्या दिशेने उतरू लागतात. तेथील घरगुती खाणावळीत किनोआचे गरम सार मिळते. डोके दुखत असलेला प्रवासी ते घेईपर्यंत बराच सावरलेला असतो, कारण तोवर तो शेकडो मीटर खाली आलेला असतो.