निडीचं बोट

उजव्या हाताचा अंगठा म्हणजे पेण. तर्जनी कासू, मधलं बोट नागोठणे, अनामिका निडी आणि करंगळी रोहा. पियानोच्या पुस्तकांत बोटांना एक ते पाच आकडे दिलेले असतात. पेणमधल्या दहावीच्या एका विद्यार्थिनीनं त्या आकड्यांच्या जागी दिवा-रोहा मार्गावरची शेवटची पाच स्टेशनं बसवली आहेत, कारण आकड्यांनी तिचा घोळ व्हायचा. घरात पेटीचे आकडे आधीपासूनच होते: पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार. पट्टीलाही आकडा आणि बोटालाही आकडा, मग वाजवताना नेमका कुठला आकडा आठवायचा? स्टेशनं मात्र तिला लहानपणापासून क्रमानं पाठ. आजोळ रोह्याला, घर पेणला. सुट्टी लागली की ही पाच स्टेशनं ठरलेलीच.

पेटी आजोळची आहे. आबा, म्हणजे आईचे वडील, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही विद्यार्थिनी रोह्यातच होती, चौथीची परीक्षा न देताच पाचवीत गेलेली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. झाडं पडली, विजेचे खांब वाकले आणि जिल्ह्यात कित्येक गावांत पुढे बरेच दिवस दिवे नव्हते. टीव्ही बंद, मोबाइल बंद. त्या अंधारात घरातली एकच वस्तू विजेवाचून वाजत होती. आबांनी पेटी काढली, नातीचा डावा हात भात्यावर ठेवला, उजवा पट्ट्यांवर, आणि सा दाखवला. सुरुवात तिथली. घरात हे अजून सांगितलं जातं, पण ती स्वतः वेगळी गोष्ट सांगते: पहिले काही दिवस भाता मारून डावं मनगट इतकं दुखलं, की तिला पेटी नकोशी झाली होती.

त्या डाव्या हाताकडे पुढे परत यावं लागलं.

सातवीत असताना घरी कॅसिओ आला. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात. जुना, कुणाकडून तरी घेतलेला, 61 पट्ट्यांचा. खऱ्या पियानोला 88 असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. म्हणजे दोन्ही टोकांची मिळून सव्वादोन सप्तकं तिच्याकडे नाहीतच. हा कॅसिओ आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवतात. मशीन आत उलटं करून झाकण बंद केलं की टेबल सपाट होतं. आई दिवसभर ब्लाऊज शिवते, त्यामुळे टेबल रिकामं होतं संध्याकाळी सातला. सात ते पावणेआठ ही तिची वेळ ठरली ती अशी. वेळापत्रक आखून कुणी ती दिलेली नाही. वडील गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखतात. कपड्यांबरोबर घरात मातीची बारीक पूड येते, ती पट्ट्यांच्या फटीत जाते, म्हणून कॅसिओवर कायम एक जुनी ओढणी असते. झाकायचं खरं कारण पट्ट्यांच्या खाली आहे. अशा कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोप्या असतात. पट्टी दाबली की त्यांचा आतला काळा ठिपका सर्किटला टेकतो आणि सूर उमटतो. प्रत्येक पट्टीला असे दोन ठिपके असतात, एक जरा आधी टेकणारा, दुसरा जरा नंतर. दोन्हींच्या मधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी, म्हणजे बोट जोरात पडलं, आवाज मोठा. वेळ जास्त, म्हणजे बोट हळू पडलं, आवाज लहान. या टोप्यांखाली धूळ गेली किंवा पावसाळ्याची दमट हवा बसली, की एखादी पट्टी मुकी होते नाहीतर एकदम ओरडते.

आवाज लहान-मोठा करण्याचं काम प्रत्येक बोटाकडे असणं, हेच पेटी वाजवणाऱ्याला नवीन असतं. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तोच. आवाज वाढतो-घटतो तो भात्यानं. उजवा हात बोलतो आणि डावा श्वास देतो. इटलीत बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरीनं 1700 च्या सुमारास जे वाद्य घडवलं, त्याची ओळखच मुळी हळू आणि मोठा असे दोन्ही आवाज काढणारं वाद्य अशी होती. पियानो म्हणजे हळू आणि फोर्ते म्हणजे मोठ्यानं. तारेवर हातोडी पडते आणि सूर लगेच विरायला लागतो. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत उभा राहतो. म्हणून पेटीवरून आलेली माणसं पियानोवर पट्टी दाबून धरून बसतात आणि सूर मरत का चाललाय या विचारात पडतात. तिचंही तेच झालं. आणि डाव्या हाताला तर काय करायचं हेच माहीत नव्हतं. दोन वर्षं त्यानं फक्त भाता मारला होता.

पहिलं वर्ष, तिच्याच शब्दांत, वाया गेलं. मोबाइलवर वरून रंगीत पट्ट्या खाली पडत येणारे व्हिडिओ असतात. पट्टी जिथे टेकेल तिथे बोट ठेवायचं. तसं बघत तिनं बेथोव्हेनच्या ‘फ्युर एलिझे’ची सुरुवात बसवली, पांढरी तीन आणि काळी दोन यांच्यातली ती सुप्रसिद्ध ये-जा. गाडी मागे घेताना वाजणाऱ्या हॉर्नमधून ही धून आपल्याकडे पुष्कळांच्या कानावर पडलेली असते, तशी तिच्याही होती. पाहुणे आले की वाजवायची, सगळे वा म्हणायचे. मात्र व्हिडिओ मध्येच थांबवला तर पुढचा सूर कुठला हे तिला सांगता येत नव्हतं. आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं ते सगळं सोडलं आणि लहान मुलांच्या पुस्तकातून पाच रेघांचं स्वरलेखन शिकायला घेतलं. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वर आणि मात्रा एका ओळीत येतात. शाळेच्या वहीत लिहून घेता येतं. इथे पाच-पाच रेघांचे दोन जिने एकावर एक, वरचा बहुधा उजव्या हाताचा, खालचा डाव्याचा, आणि दोन्ही एकाच वेळी वाचायचे. ‘फ्युर एलिझे’ वाजवणारी मुलगी पुन्हा तीन-तीन सुरांच्या बालगीतावर आली. पाहुण्यांसमोर वाजवण्यासारखं काही उरलं नाही. एकट्यानं शिकणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते असं वाटतं, कारण मागे जायला सांगणारं दुसरं कुणी नसतं.

स्टेशनं आली ती याच काळात. उजव्या हातानं सा रे ग म प वाजवलं की गाडी पेणहून रोह्याला जाते. डाव्या हाताचा अंगठा उजव्या बाजूला असतो, त्यामुळे तेच सूर डाव्यानं चढत्या क्रमानं वाजवले की गाडी रोह्याहून पेणला येते. दोन्ही हात एकदम चालवले की एक अप आणि एक डाऊन. ती अडखळायची. मग तिच्या लक्षात आलं, की दोन्ही हात एकमेकांपासून दूर नेले, एक चढा आणि एक उतरता, तर दोन्हीकडे एकाच वेळी तेच स्टेशन येतं, पेण-पेण, कासू-कासू, आणि हात आपोआप चालतात. पियानो शिकवणारे ही युक्ती नवशिक्यांना देतात, हे तिला कितीतरी नंतर कळलं.

पाच स्टेशनांत सप्तक मावत नाही. रोह्याच्या पुढे तर कोकण रेल्वे सुरू होते. आठ सूर सलग वाजवायचे तर नागोठण्यानंतर निडी घ्यायचं नाही. मधल्या बोटाखालून अंगठा सरकवून मवर पुन्हा पेण आणायचं. हा अंगठा गुपचूप सरकायला हवा. तिचा अंगठा सरकताना कोपर बाहेर फेकलं जायचं आणि म जोरात आदळायचा. हे तिला ऐकू येत नव्हतं. वाजवताना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही, ही या धंद्यातली मोठी अडचण. तिनं मोबाइल टेबलाच्या कडेला उभा करून रेकॉर्डिंग सुरू केलं. पावणेआठला टेबल आवरायचं आणि नऊला जेवण झाल्यावर ते ऐकायचं, हातात वही घेऊन. वहीवर नाव आहे ‘चुका’. एका पानावरच्या नोंदी अशा: ‘म आपटला. डावा उशिरा. निडी कच्ची. घाई, घाई, घाई.’ त्याच वहीच्या मागच्या बाजूनं बीजगणिताच्या चुका सुरू होतात: ‘चिन्ह बदललं नाही. प्रश्न पूर्ण वाचला नाही. घाई.’

निडीचं बोट कच्चं असतं ते सगळ्यांचंच. अनामिका उचलणारा स्नायूबंध शेजारच्या बोटांच्या बंधांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेला असतो. मधलं बोट दुमडून तळहात टेबलावर ठेवा आणि अनामिका उचलून पाहा. ती जेमतेम हलते. जोर लावून ही अडचण सुटत नाही. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान यांना तरुणपणी उजव्या हाताच्या बोटांनी दगा दिला आणि पियानोवादक होण्याचा विचार सोडून द्यावा लागला. कारणाबद्दल वाद आहेत, पण बोटांवर यंत्राचे प्रयोग केल्याचं सांगितलं जातं. तिनंही अनामिकेवर रोज शंभर वेळा असा नेम धरला होता. आठवड्यात कोपरापर्यंत कळ यायला लागली. ती चूक वहीत नव्हती, कारण रेकॉर्डिंगमध्ये कळ ऐकू येत नाही. पकडली ती आबांनी. पियानोचं त्यांना काही माहीत नाही, पण रोह्याला पेटीवर तिचा हात पाहून ते म्हणाले, “बाय, खांदा का वर घेतेस? बोटाचं काम खांद्यानं करतेस.” खांदा खाली आला, नेम बंद झाला, कळ पंधरा दिवसांत गेली. आपण आपलं शिकण्याचं कितीही कौतुक केलं तरी समोर बसून हाताकडे बघणारं माणूस लागतंच. ते त्याच वाद्याचं असायला हवं असं मात्र नाही.

गोविंदराव टेंबे पेटी बऱ्याच अंशी स्वतःच शिकले आणि तरी भास्करबुवा बखल्यांना गुरुस्थानी मानत आले. बखले गवई होते. स्वतः शिकलेल्यांच्या गोष्टींत असा शेजारचा गुरू पुष्कळदा सापडतो.

दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढी हा धडा आहे. पदांमधला फरक सारखा. तो शिकवला त्या संध्याकाळी तिला शंका आली, की पट्ट्यांचं तसंच असणार. नववीत ध्वनीचा धडा झाला होता, वारंवारता माहीत होती. पांढऱ्या सहाचा सूर 440 हर्ट्झ, त्याच्या वरच्या सप्तकातला 880. मध्ये बारा पायऱ्या. 440 ला 12 नं भागलं, फरक आला 36.67. प्रत्येक पायरीला तेवढे मिळवत गेलं की झालं. सातव्या पायरीवर, म्हणजे पंचमावर, उत्तर आलं 696.67. मोबाइलवर सूर मोजायचं ॲप असतं. त्यात पंचम वाजवला तर 659 दिसलं. जवळपास 698 दिसलं ते त्याच्या पुढच्या, आठव्या पट्टीवर. श्रेढी एक अख्खी पट्टी चुकली होती. तिनं बाराही सूर मोजले, खाली-खाली लिहिले: 440, 466.2, 493.9, 523.3. फरक वाढतच चाललेला. मग भागाकार करून पाहिला आणि दर वेळी उत्तर 1.059 च्या आसपास आलं. बेरीज नव्हतीच, गुणाकार होता. बारा वेळा स्वतःशी गुणलं की बरोबर दोन होईल अशी ती संख्या. या श्रेढीचं नाव भूमिती श्रेढी आणि ती अकरावीत येते, हे गणिताच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

या गुणाकाराचा आपल्या संगीताशी जुना वाद आहे. सगळ्या पायऱ्या सारख्या करायच्या तर शुद्ध गंधार त्याच्या नैसर्गिक जागेपासून किंचित चढा जातो. शिवाय पट्टीच्या वाद्यावर मींड निघत नाही. याच आक्षेपांवरून 1940 मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी आली आणि ती तीन दशकं टिकली. कॅसिओवर सा धरून गंधार लावला तेव्हा आबा म्हणाले, गंधार डोळे वटारतो. त्यांच्या जुन्या पेटीचा सा 440 च्या हिशेबात बसत नाही, चार-पाच हर्ट्झ चढाच आहे. दोन्ही वाद्यं एकत्र वाजवता येत नाहीत.

आता परीक्षेचं. पेणमध्ये बसून पियानोची परीक्षा देता येते हे तिला नववीत कळलं. लंडनच्या एबीआरएसएम या संस्थेनं 2020 पासून रेकॉर्डिंग पाठवून द्यायच्या परीक्षा सुरू केल्या. चार रचना, एकामागून एक, कॅमेरा मध्ये न थांबवता. चौथीत चुकलात आणि नवं रेकॉर्डिंग हवं असेल, तर पहिलीपासून पुन्हा. तिनं अजून फॉर्म भरलेला नाही. आधी बोर्डाची परीक्षा, असं घरात ठरलंय आणि ते तिलाही पटलेलं आहे. गणिताच्या दोन भागांना चाळीस-चाळीस गुणांचे पेपर, विज्ञानाला तसेच दोन. पहाटे पाचला उठून ती भूमितीची प्रमेयं लिहून काढते. दहावीचं वर्ष म्हणून नातेवाइकांनी कॅसिओ माळ्यावर टाकायला सांगितलं होतं. आईनं टाकला नाही. टेबल सातला रिकामं होतंच, एवढंच ती म्हणाली.

रोह्यात वाढणाऱ्या मुलांना अभ्यासाचा विषय निघाला की चिंतामणराव देशमुखांचं नाव ऐकावंच लागतं. 1912 ची मॅट्रिक पहिल्या क्रमांकानं, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आबाही ते सांगतात. पण त्यांना त्यातलं सगळ्यांत आवडतं ते वेगळंच: एवढा मोठा अर्थतज्ज्ञ आयुष्यभर संस्कृतात श्लोक रचत राहिला.

रविवारी दुपारी ती रोह्याहून परतते तेव्हा मेमू रिकामीच असते. खिडकीशी बसून ती दप्तर मांडीवर घेते. दप्तरात विज्ञानाचं पुस्तक, त्यावर डावा हात. परतीची गाडी डाव्या हाताची. करंगळीपासून चढत जायचं: रोहा, निडी, नागोठणे. कापडावर बोटांचा आवाज होत नाही, त्यामुळे ती ओठांतल्या ओठांत मोजते, सेकंदाला एक. निडीला गाडी थांबते, एखाद-दोघं उतरतात. अनामिका उचलायची आणि खांदा खाली ठेवायचा. गाडी हलते. ती पुन्हा करंगळीवर येते.