उंबरठ्याच्या आतली भाषा

एखादी भाषा संकटात आहे की नाही हे ठरवताना तिच्या भाषकांची संख्या पाहण्याची रीत आहे. प्रत्यक्षात संख्या हा या प्रश्नाचा सर्वांत वरवरचा भाग होय. दोन हजार माणसांची भाषा शतकानुशतके टिकते आणि लाखोंची भाषा दोन पिढ्यांत ओसरते. घरातली वडीलधारी माणसे लहान मुलाशी कोणत्या भाषेत बोलतात, यावर भाषेचे भवितव्य ठरते. मुलाला जेव्हा आजीचे बोलणे समजते पण ते उत्तर दुसऱ्या भाषेत देते, तेव्हा त्या घरापुरता निकाल लागलेला असतो, मग जनगणनेतला आकडा कितीही मोठा असो.

भाषा दोन वाटांनी नाहीशी होते. पहिल्या वाटेवर भाषकच नाहीसे होतात. १८५८ साली इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत कायमची बसवली. त्यानंतर साथीचे रोग आणि संघर्ष यांनी ग्रेट अंदमानी समाज इतका घटला की त्यांच्या दहा भाषांपैकी बहुतेक विसाव्या शतकातच मुक्या झाल्या. त्यांतल्या बो भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी वारल्या. अन्विता अब्बी यांनी त्यांच्यासोबत केलेल्या कामामुळे त्या भाषेचे आवाज आज ध्वनिमुद्रणात तरी ऐकता येतात. दुसऱ्या वाटेवर समाज जिवंत असतो, वाढतही असतो, पण आपली भाषा खाली ठेवून शेजारची उचलतो. याला भाषापालट म्हणतात. आज जगात नाहीशा होणाऱ्या बहुतेक भाषा याच वाटेने जात आहेत, आणि ती वाट समजून घ्यायची तर व्याकरणाइतकाच समाजही वाचावा लागतो. समाजभाषाविज्ञान ही शाखा तेच करते.

या शाखेतले दोन अभ्यास आजही पायाभूत मानले जातात. ऑस्ट्रियातल्या ओबरवार्ट गावी हंगेरियन शेतकरी सुमारे ४०० वर्षे जर्मनही बोलत होते आणि दोन्ही भाषा सुखाने नांदत होत्या. सुझन गाल यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, कारखान्यांतली नोकरी आल्यावर हंगेरियन ही शेतकरीपणाची खूण बनली आणि जर्मन ही पगारदार जगण्याची. शेतकऱ्याच्या बायकोचे कष्ट नको असलेल्या तरुण मुलींनी सर्वांत आधी जर्मनची निवड केली. दुसरा अभ्यास नॅन्सी डोरियन यांचा. स्कॉटलंडच्या पूर्व सदरलंड किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांमध्ये गेलिक भाषा मासेमारीशी आणि तिच्यामुळे वाट्याला आलेल्या हीन वागणुकीशी जखडलेली होती. धंदा बसला, आणि लोकांनी ती हीनता झटकताना भाषाही झटकली. डोरियन यांनी तिथे ‘अर्धभाषक’ ही अवस्था नोंदवली: या माणसांना सगळे समजते, विनोदावर नेमक्या जागी हसू येते, पण स्वतः बोलताना वाक्य अडखळते.

दोन्ही ठिकाणी लोकांना दुसरी भाषा येत होती म्हणून पहिली गेली नाही. पहिलीचा सामाजिक अर्थ बदलला म्हणून ती गेली. ‘मुलांना दोन भाषांचे ओझे नको’ असे सांगणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात घेतला पाहिजे.

१९९२ साली मायकेल क्रॉस यांनी इशारा दिला की एकविसावे शतक संपेपर्यंत जगातल्या नव्वद टक्के भाषा नष्ट तरी होतील किंवा मरणपंथाला तरी लागतील. त्याच्या आदल्याच वर्षी जोशुआ फिशमन यांनी भाषेच्या घसरणीची आठ पायऱ्यांची श्रेणी मांडली होती. तिच्यातली सहावी पायरी कळीची: घरात, शेजारात, पिढीकडून पिढीकडे भाषा जाणे. ती निसटली असेल तर वरच्या पायऱ्यांवरची शाळा, कचेरी आणि वृत्तपत्रे फार काळ आधार देऊ शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. २००३ साली युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने भाषेची प्रकृती तपासण्यासाठी नऊ कसोट्या दिल्या, त्यांतही पहिली हीच आहे.

भारताबद्दल मात्र एक वेगळा सिद्धान्त मांडला गेला आणि तो मुंबईच्या बाजारपेठेचे उदाहरण घेऊन. भाषावैज्ञानिक प्रबोध पंडित यांचे ‘इंडिया अ‍ॅज अ सोशिओलिंग्विस्टिक एरिया’ हे पुस्तक पुणे विद्यापीठाने १९७२ साली काढले. त्यांनी वर्णन केलेला मुंबईतला मसाल्याचा गुजराती व्यापारी घरी गुजराती बोलतो, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, व्यापारी वर्तुळात कच्छी आणि कोकणी. यांतली कोणतीही भाषा दुसरीला हुसकावत नाही, कारण प्रत्येकीचे क्षेत्र ठरलेले आहे. मदुराईच्या रेशीम विणकरांनी तमिळांच्या मध्यात राहून सौराष्ट्री कित्येक शतके टिकवली, तंजावरच्या मराठी घरांनीही तसेच केले. स्थलांतरिताने दोन-तीन पिढ्यांत भाषा सोडणे हा अमेरिकेतला नियम असेल, भारतात भाषा राखणे हा नियम आणि सोडणे हा अपवाद, असा पंडित यांचा निष्कर्ष होता. निष्कर्ष मोलाचा आहे. तो कोणत्या परिस्थितीवर उभा होता हे पाहायचे तर महाराष्ट्रातली तीन ठिकाणे पुरेशी आहेत.

पहिले कुपवाड. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ सालचा निबंध जगभरच्या भाषाविज्ञान विभागांत शिकवला जातो आणि त्याचा विषय आहे सांगलीजवळचे, तेव्हा सुमारे तीन हजार वस्तीचे हे गाव. जैन जमीनदार आणि लिंगायत कारागीर यांची घरची भाषा कन्नड, मुसलमानांची उर्दू, दोर वळणाऱ्यांची तेलुगू, दलितांची मराठी. गावातल्या पुरुषांना एकाहून अधिक भाषा येत आणि वेगवेगळ्या समाजांचे लोक एकत्र आले की बहुधा मराठी चाले. शेकडो वर्षांच्या या शेजारात कन्नड, उर्दू आणि मराठीचे व्याकरण एकमेकांकडे इतके सरकले की वाक्याचा साचा तोच ठेवून फक्त शब्द बदलले की भाषा बदलावी. कन्नडप्रमाणे पुरुष, स्त्री आणि उरलेले सर्व नपुंसक ही लिंगव्यवस्था गावच्या उर्दूने आणि मराठीनेही उचलली. शब्द मात्र वेगळे राहिले, कारण घरची भाषा ही जातीची ओळख होती आणि जातींच्या भिंती कोणी पाडत नव्हते. हे कटू आहे, पण नोंदवायलाच हवे: भारतीय बहुभाषिकतेची जी मोहक चित्रे रंगवली जातात, त्यांच्यामागे अनेकदा रोटीबेटीचे कडक निर्बंध उभे असतात. १९६० साली भाषिक राज्य झाल्यावर शाळा आणि कचेरी मराठीत आली, आज कुपवाड महानगरपालिकेत आहे. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनंतर गावाचा पुन्हा अभ्यास करून मूळ निबंधाची चिकित्सा केली आहे.

दुसरे ठिकाण रायगड जिल्ह्यातले कोर्लई. कुंडलिका नदीच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याला ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज इथे सोळाव्या शतकात आले आणि १७४० साली मराठ्यांपुढे चौल सोडून गेले. त्यांचे सैनिक आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संसारांतून आणि धर्मांतरित कुटुंबांतून एक संकरित भाषा जन्मली होती. भाषक तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. तिची शब्दसंपत्ती मुख्यतः पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज सत्ता गेल्यावर अडीचशे वर्षांहून अधिक काळ ही भाषा टिकली, कारण धर्माने वस्तीला भोवतालच्या हिंदू गावांपासून आणि जातीने वरच्या ख्रिस्ती समाजापासून वेगळे ठेवले होते. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ सालच्या ग्रंथात तिची घडण सविस्तर मांडली. मराठीच्या सहवासात तिचा वाक्यक्रमही बदलला. क्रियापद पोर्तुगीजसारखे मध्ये असायचे, ते मराठीसारखे शेवटी येऊ लागले. भाषक हजाराच्या आसपास आहेत. शाळा मराठीत आहे, खाडीवर पूल झाला आहे, आणि शिक्षण, नोकरी, बाजार यांनी वस्तीचा एकाकीपणा संपवला आहे. एकाकीपणा संपणे चांगलेच, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की तो संपताना भाषेला टिकायला दुसरे कोणते कारण मिळते.

तिसरे ठिकाण निहाली भाषेचे. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्याच्या सातपुड्याकडील अंगाला जामोद, सोनबर्डी, कुवरदेव अशा गावांत आणि पलीकडे मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरच्या टेंभीभोवती मिळून दोन-अडीच हजार माणसे ती बोलतात. भारतात आर्य, द्रविड, ऑस्ट्रो-आशियाई, तिबेटो-बर्मी अशी भाषाकुळे सांगितली जातात, निहाली यांपैकी कशातच बसत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात तिला मुंडा भाषांत बसवले होते. सुधीभूषण भट्टाचार्य यांनी १९५७ साली क्षेत्रीय नोंदी प्रसिद्ध केल्या आणि १९६२ साली डच पंडित कायपर यांनी तिच्या शब्दांची छाननी केली. कोरकू या शेजारच्या आदिवासी भाषेचा वाटा फार मोठा, त्याशिवाय द्रविड, मराठी आणि हिंदी, आणि सगळे वजा करून सुमारे पाव भाग असा उरला की त्याचा कोणत्याही ज्ञात भाषेशी संबंध लागत नव्हता. त्या पाव भागात सातपुड्यातल्या फार जुन्या भाषेचा अवशेष असू शकतो. आशा मुंडले यांनी तिचा शब्दसंग्रह केला, १९९६ साली तो छापला गेला, आणि २०१४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने के. एस. नागराज यांचे व्याकरण, पाठ आणि शब्दसंग्रह असलेले पुस्तक काढले.

निहाल समाज कोरकूंच्या शेजारी राहतो आणि मराठी व हिंदी भाषकांच्या शेतांवर मजुरी करतो. कोरकूही त्यांना खालचे मानत आले. म्हणजे निहालला तीन भाषा यायला हव्यात आणि त्याची भाषा कोणालाच यायची गरज नाही. पंडितांच्या गुजराती व्यापाऱ्यामागे पैसा होता, पत होती, बाजारात गरज असलेला माल होता. त्याला पाच भाषा येणे ही त्याची ताकद होती. निहाल मजुराची बहुभाषिकता पोटासाठी आहे, म्हणून तिच्यात घरच्या भाषेला संरक्षण नाही. पंडितांचा नियम इथे तुटतो. क्षेत्रे वाटून घेण्याची व्यवस्था भाषा राखते, पण वाट्याला आलेल्या क्षेत्राला काहीतरी मान असला तरच.

अशा भाषा सरकारी आकड्यांतही दिसत नाहीत. १९६१ च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषांची यादी दिली. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्र दाखवणे बंद झाले. २०११ साली लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ भरली. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या आणि त्यांचे गट करून प्रसिद्ध झाल्या १२१ भाषा. निहाली त्यांत नाही. गणेश देवी यांच्या लोकभाषा सर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली, त्याच्या महाराष्ट्र खंडाचे संपादन अरुण जाखडे यांनी केले. यादीत नाव असणे ही छोटी बाब नाही. यादीत नाव नसले की पाठ्यपुस्तक नाही, शिक्षक नाही, निधी नाही. केंद्र सरकारने २०१३ साली दहा हजारांखालच्या भाषांच्या नोंदणीसाठी योजना काढली आणि म्हैसूरच्या संस्थेकडे सोपवली, ते उशिराचे पण योग्य पाऊल होते.

नोंदणी म्हणजे जतन नव्हे. शब्दकोशामुळे भाषा अभ्यासकाला मिळते, मुलाला मिळत नाही. केवळ शाळेच्या भरवशावरही ती टिकत नाही: मॉरिशसमध्ये मराठी शाळांत शिकवली जाते, तरी तिथल्या मराठी वंशाच्या बहुतेक घरांत क्रिओल बोलली जाते. याच्या उलट बाजूचे उदाहरण न्यूझीलंडचे. माओरी समाजाने १९८२ साली ‘कोहांगा रेओ’ सुरू केली. शाळेपूर्वीची मुले आणि भाषा जाणणारी वडीलधारी माणसे दिवसभर एकत्र, आणि सगळे बोलणे माओरीत. पुढे मुलांमागोमाग आईबापही शिकायला बसले. १९८७ साली माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला तो लोकांच्या या रेट्यामागून.

सातपुड्यात आणि मेळघाटात व्यवस्था नेमकी उलटी आहे. आदिवासी मूल सहा-सात वर्षांचे झाले की आश्रमशाळेत जाते आणि वर्षातले बहुतेक महिने घराबाहेर, बहुधा त्याची भाषा न जाणणाऱ्या शिक्षकांकडे राहते. शिक्षणाची गरज निर्विवाद आहे, पण पिढीकडून पिढीकडे भाषा जाण्याची जी सहावी पायरी, तीच यात काढून घेतली जाते. मुलांना मराठी शिकण्यासाठी घरची भाषा विसरावी लागत नाही, हे कुपवाडने केव्हाच दाखवले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. निहालीसाठी त्याचा अर्थ पाठ्यपुस्तकाआधी अंगणवाडीपासून लागेल: जामोद-सोनबर्डीच्या वस्तीतली अंगणवाडी सेविका निहाल समाजातली असावी, वस्तीतल्या आज्यांना मानधन देऊन रोज तिथे बसवावे, आणि निहाली व मराठी दोन्ही भाषा मुलांच्या कानावर पडाव्यात.